होम लोनचा फिक्स्ड पिरियड संपला, आता रेट कमी कसा करून घ्यायचा

माझं लोन ऑक्टोबर २०२२ चं. डोंबिवलीचा जुना फ्लॅट विकून मुलुंड ईस्टला वन बीएचके घेतला, वर ४८ लाखांचं लोन काढलं, २० वर्षांसाठी, एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून. पहिली ३ वर्षं ८.३५ टक्के फिक्स्ड आणि मग फ्लोटिंग, म्हणजे बदलता रेट. तेव्हा रेपो रेट, म्हणजे आरबीआय बँकांना ज्या दराने पैसे देते तो, दर दोन महिन्यांनी वर चढत होता, त्यामुळे ३ वर्षं तरी डोक्याला ताप नको असं म्हणून सही करून मोकळा झालो, फ्लोटिंग म्हणजे नक्की किती हे विचारलंच नाही. हप्ता ४१,२०० च्या आसपास.

मग २०२५ च्या सप्टेंबरात मेसेज आला की पुढच्या महिन्यापासून तुमचा रेट ९.४० होतोय. गंमत म्हणजे त्याच वर्षी आरबीआयने फेब्रुवारी, एप्रिल, जून अशी तीनदा कपात करून रेपो ६.५० वरून ५.५० वर आणला होता. पेपरात रोज बातम्या की हप्ते कमी होणार, आणि माझा हप्ता ३ हजारांनी वर. स्टेटमेंट काढून बघितलं तर ३ वर्षांत १४ लाख ८३ हजार भरले होते आणि मुद्दल उतरलं होतं जेमतेम ३ लाख. त्या दिवशी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, आणि पुढे जे काय शिकलो ते इथे लिहितोय, कारण आमच्या ऑफिसात अजून तिघांची हीच अवस्था आहे आणि तिघांना वेगवेगळं सांगून तोंड दुखलं.

पहिलं काम, लोन ॲग्रीमेंट शोधा. सँक्शन लेटर म्हणजे मंजुरीचं पत्र नाही, ॲग्रीमेंट, ते जाडजूड बाड जे आपण कोणीच वाचत नाही. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, फिक्स्ड पिरियड कुठल्या तारखेपासून मोजलाय, पहिल्या डिसबर्समेंटपासून (लोनचे पैसे मिळाले तो दिवस) की पहिल्या हप्त्यापासून, कारण अंडर कन्स्ट्रक्शनवाल्यांना यात वर्षभराचा फरक पडू शकतो. दोन, फ्लोटिंग झाल्यावर रेट कशाला जोडलाय. बँकेचं लोन असेल तर १ ऑक्टोबर २०१९ नंतरची सगळी फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँक स्वतः ठरवत नाही अशा दराला, जोडावी लागतात, बहुतेक ठिकाणी तो रेपोच असतो, आणि रेट ३ महिन्यांतून निदान एकदा रीसेट करावाच लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा नियम नाही. त्यांचा स्वतःचा पीएलआर म्हणजे मूळ दर असतो, तो त्या ठरवतात, आणि तुमचा रेट म्हणजे त्या पीएलआरमधून काहीतरी वजा किंवा त्यात काहीतरी अधिक. म्हणजे आरबीआयने रेपो कापला तरी तो तुमच्यापर्यंत झिरपेलच असं नाही, माझ्याकडे नाहीच झिरपला. २०१९ च्या आधीचं बँकेचं लोन असेल तर ते एमसीएलआर नाहीतर त्याहून जुन्या बेस रेटवर, म्हणजे बँकेने स्वतः काढलेल्या दरावर असणार, ते त्याच बँकेत रेपोवर बदलून मिळतं, फक्त जाऊन सांगावं लागतं. आपणहून कोणी फोन करणार नाही.

आता स्प्रेड. हा शब्द डोक्यात पक्का बसवा कारण पुढचा सगळा खेळ त्याचाच आहे. समजा रेपो ५.५० आहे आणि तुम्हाला ८.०० चा रेट दिला, तर मधले २.५० हा स्प्रेड. रेपो वरखाली होणार, तो तुमच्या माझ्या हातात नाही, पण स्प्रेड ज्या दिवशी सही करता त्या दिवशी ठरतो आणि बँकेला तो मनाला येईल तसा वाढवता येत नाही, त्यातला तुमच्या क्रेडिटवर ठरलेला जो भाग आहे तो तुमचं क्रेडिट प्रोफाइल खरंच बिघडलं तरच बदलतो. म्हणून दोन बँकांच्या ऑफर समोर ठेवल्या की रेट बघू नका, रेट तर जाहिरातीत पण असतो. स्प्रेड विचारा. एका बँकेच्या माणसाला मी फोनवर स्प्रेड किती विचारलं तर तो म्हणाला सर तसं काही नसतं, मी म्हटलं बरं, आणि ठेवून दिला.

लोन दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करायला बाहेर हिंडायच्या आधी आपल्याच ब्रँचमध्ये जा. खरंच सांगतो, निम्म्या लोकांचं काम इथेच होतं. तोच लेंडर नवीन गिऱ्हाइकाला तुमच्यापेक्षा एक-सव्वा टक्का कमी रेट देत असतो, जुन्याला तो मागितल्याशिवाय मिळत नाही. याला कुठे कन्व्हर्जन म्हणतात, कुठे रेट स्विच, कुठे रीप्रायसिंग. त्याची फी लागते, बाकी मुद्दलाच्या पाव ते अर्धा टक्का वगैरे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मला पहिल्यांदा गेलो तेव्हा ८.७५ सांगितले. काउंटरवरच्या मुलाने "सर सिस्टिममध्ये एवढाच दिसतोय" असं सांगून हात वर केले. मी म्हटलं राहू दे, येतो परत. परत गेलो ते दुसऱ्या बँकेचं सँक्शन लेटर हातात घेऊन, ८.०० चं, तर १० मिनिटांत त्याच सिस्टिममध्ये ८.५० दिसायला लागले. फी पाव टक्का, म्हणजे ४५ लाखांवर ११,२५० आणि जीएसटी धरून १३,२७५.

त्यामुळे क्रम असा, आधी आपल्या लेंडरला विचारा, मग बाहेरून लेटर आणा, मग परत आपल्या लेंडरकडे जा. तोंडी ऑफरला कोणी भीक घालत नाही, कागद लागतो.

बाहेरून लेटर आणायचं तर आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुठल्या ॲपला पैसे द्यायची गरज नाही. आमच्या मेव्हण्याच्या रिपोर्टवर २०१७ सालच्या एका बंद क्रेडिट कार्डाचे ८०० रुपये थकीत दिसत होते, तेवढ्यासाठी स्कोअर खाली आणि रेट वर. ते भरून, काही बाकी नाही असं नो ड्यूज पत्र घेऊन, रिपोर्ट दुरुस्त व्हायला महिना-सव्वा महिना गेला, म्हणून हे काम सगळ्यात आधी. आणि एकदम सात बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी रिपोर्टवर पडते. चौकशी दहा ठिकाणी करा, अर्ज दोनच ठिकाणी.

डीएसए म्हणजे एजंट लोक, यांच्याबद्दल माझं मत एवढं वाईट नाही. मुंबईत त्यांच्याशिवाय फाइल हलत नाही असं नाही पण ते घरी येऊन कागद घेऊन जातात, आपली अर्ध्या दिवसाची रजा वाचते. फक्त लक्षात ठेवायचं की त्याला कमिशन बँक देते, त्यामुळे तो तुम्हाला स्वस्त बँक दाखवेल की त्याला जास्त देणारी बँक, हे त्याचं त्यालाच माहीत. आणि तो टॉप-अप (त्याच घरावर वरचं जास्तीचं लोन) घ्या टॉप-अप घ्या असं हमखास म्हणणार, "सर घराचं इंटिरियर करून टाका". नको असेल तर ठाम नाही म्हणा.

आता आकडे, इथे जरा वेळ काढून वाचा कारण सगळे इथेच फसतात, मी पण फसता फसता वाचलो. माझे बाकी ४५ लाख धरू, मुदत राहिली १७ वर्षं, म्हणजे २०४ हप्ते. ९.४० ने हप्ता येतो ४४,२६० आणि शेवटपर्यंत एकूण भरणा ९० लाख २९ हजार. नवीन बँकेच्या माणसाने वहीवर लिहून दाखवलं, सर ८ टक्क्यांनी तुमचा हप्ता ३७,६४०, दर महिन्याला साडेसहा हजार वाचले. बायको शेजारी बसली होती, ती पण खूश. घरी येऊन गुणाकार केला तर त्याने मुदत गुपचूप परत २० वर्षं धरली होती, आणि ३७,६४० गुणिले २४० म्हणजे ९० लाख ३३ हजार. रेट जवळपास दीड टक्का कमी होऊन मी जुन्यापेक्षा ४ हजार जास्तच भरणार होतो, वर ट्रान्सफरचा खर्च वेगळा!

तेच ८ टक्के, पण मुदत १७ वर्षंच ठेवली तर हप्ता ४०,४२० च्या आसपास, महिन्याला ३,८०० कमी, आणि शेवटपर्यंत साधारण ७ लाख ८० हजार वाचतात. आणि तिसरा रस्ता, जो कोणी सांगत नाही, हप्ता जुनाच म्हणजे ४४,२६० चालू ठेवायचा. तर लोन २०४ ऐवजी १७१ व्या महिन्यात संपतं, पावणेतीन वर्षं आधी, आणि वाचतात १४ लाख ८० हजारांच्या वर. एकच रेट, एकच बँक, फक्त हप्ता कमी करायचा मोह टाळला तर बचत जवळजवळ दुप्पट. अर्थात घरात पैशाची ओढाताण असेल तर हप्ता कमी करून घ्या, त्यात लाज कसली, मुलांच्या फीया कोणाला चुकल्यात. पण मग ते कळून करा. आणि रेट वाढतो तेव्हा उलटं होतं, लेंडर गुपचूप मुदत लांबवतो. ऑगस्ट २०२३ च्या आरबीआयच्या सर्क्युलरनंतर रीसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे तुम्हाला निवडता आलं पाहिजे. मेसेज आला की मेल टाकून कळवा.

ट्रान्सफरच्या खर्चाचं बघू. प्रोसेसिंग फी, त्यावर जीएसटी, वकिलाचा टायटल सर्च (मालकीची तपासणी) आणि घराच्या व्हॅल्युएशनचे पैसे, आणि मग आपल्या महाराष्ट्राची खासियत म्हणजे नवीन बँकेकडे टायटल डीड म्हणजे मालकीचे कागद ठेवल्याची स्टॅम्प ड्युटी, ती जुन्या लोनला भरलेली चालत नाही, परत भरावी लागते, आणि नोटीस ऑफ इंटिमेशन म्हणजे या गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत फाइल करायची, तिचे वेगळे. बँका जाहिरात करतात झिरो प्रोसेसिंग फी, ते खरं असतं, पण स्टॅम्प ड्युटी सरकारची असते ती काही झिरो होत नाही. सगळं एका कागदावर लिहून मागा. ऑक्टोबर २०२४ पासून "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचा कागद देणं बंधनकारक आहे, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, एपीआर, लिहिलेला असतो. दोन बँकांचे हे दोन कागद शेजारी ठेवले की एजंटची बडबड आपोआप बंद होते. त्यात लोन इन्शुरन्सचा सिंगल प्रीमियम लोनमध्येच मिसळलाय का तेही तिथेच दिसेल. तो पॉलिसीवाला "कंपल्सरी आहे सर" म्हणेल, त्याला सांगायचं लेखी द्या. कोणी देत नाही.

माझा खर्च सगळा मिळून ४० हजार धरा. जुन्याकडे ८.५० ने राहिलो असतो तर खर्च १३,२७५. म्हणजे बाहेर पडायला २६-२७ हजार जास्त, आणि ८.०० विरुद्ध ८.५० मध्ये महिन्याला १,३५० चा फरक. म्हणजे २० महिन्यांत वसूल, पुढची १५ वर्षं फायदा. म्हणून मी बाहेर पडलो. दुसरं म्हणजे पीएलआरच्या कटकटीतून रेपोवर आलो, याची किंमत आकड्यात पकडता येत नाही पण डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ झाला आणि पुढच्या रीसेटला माझा रेट न मागता पाव टक्का उतरला. पण तुमचं लोन ५-६ वर्षांचंच उरलं असेल, किंवा दोन वर्षांत फ्लॅट विकायचा विचार असेल, तर कुठे धावाधाव करता, फी भरून तिथेच रेट कमी करून घ्या. शेवटच्या वर्षांत हप्त्यातलं बहुतेक मुद्दलच असतं, व्याज वाचवायला उरतंच किती.

वेळेचं गणित पण जमवायला लागतं. फ्लोटिंग लोन वेळेआधी फेडलं तर वैयक्तिक होम लोनवाल्याला पेनल्टी लागत नाही, हे २०१२ पासूनचं आहे. पण आपलं लोन अर्धं फिक्स्ड अर्धं फ्लोटिंग असलं की बघितलं जातं फेडायच्या दिवशी ते कशावर आहे. फिक्स्डचा शेवटचा महिना चालू असताना दुसऱ्या बँकेचे पैसे आणून फेडलं तर पेनल्टी लागू शकते, महिनाभर थांबलात तर शून्य. तेव्हा कागदपत्रांची तयारी दोन-तीन महिने आधी सुरू करा, सँक्शन घेऊन ठेवा, चेक मात्र फिक्स्ड संपल्याच्या नंतरच्या तारखेचा.

कागदपत्रं. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, हे सगळीकडे सारखंच. डोकेदुखी असते घराच्या कागदांची आणि ती मुंबईत जरा जास्तच. रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (त्या रजिस्ट्रेशनचा उतारा), रिसेल असेल तर आधीच्या मालकांची चेन ॲग्रीमेंटं, शेअर सर्टिफिकेट, ओसी म्हणजे बिल्डिंगचा राहण्याच्या परवानगीचा दाखला, सोसायटीची एनओसी. आपल्याकडे ओसी नसलेल्या बिल्डिंगी कमी नाहीत, पहिल्या लोनला कोणीतरी डोळेझाक केली असेल पण नवीन बँकेचा वकील तिथेच अडकतो, मग अशा वेळी जुन्याकडेच रेट कमी करून घेणं हाच मार्ग. म्हाडाचं घर असेल तर म्हाडाची एनओसी वेगळी, तिला वेळ धरून चला. आणि सोसायटीत रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतील, ७९अ ची म्हणजे रीडेव्हलपमेंट ठरवायची मीटिंग लागायच्या बेतात असेल, तर ट्रान्सफर आत्ताच करा नाहीतर विसरा, पडायला निघालेल्या बिल्डिंगवर नवीन बँक पैसे टाकत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच जाऊन भेटा, आमचे काका दर रविवारी सकाळी ११ ते १२ एवढंच ऑफिस उघडतात, एक रविवार गेला की आठवडा गेला.

सँक्शन झालं की जुन्या लेंडरकडून दोन कागद लागतात, फोरक्लोजर लेटर (लोन पूर्ण फेडायला किती लागतील ते) आणि लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स (त्यांच्याकडे ठेवलेल्या कागदांची यादी). हे मागितलं की रिटेन्शनवाल्यांचे, म्हणजे गिऱ्हाईक टिकवणाऱ्यांचे, फोन सुरू होतात, तोवर दाद न देणारे लोक एकदम गोड बोलायला लागतात. ऐकून घ्या, कधी कधी खरंच चांगली ऑफर येते. मला यायची ती आधीच आली होती. फोरक्लोजर लेटरवर एक तारीख असते आणि तिच्यापुढे रोजचं व्याज. ४५ लाखांवर ९.४० ने ते रोजचं ११५९ रुपये होतं, म्हणजे नवीन बँकेने चेक काढला आणि तो चार दिवस कोणाच्या तरी बॅगेत राहिला तर साडेचार हजार गेले, शिवाय चेक निघाल्या दिवसापासून नवीन बँकेचं मीटर पण चालू. माझा चेक शुक्रवारी निघाला. मी अर्धा दिवस रजा टाकून स्वतः घेऊन गेलो, पोच घेतली आणि मगच हललो. हे एक काम एजंटवर सोडू नका.

पैसे जमा झाल्यावर ओरिजिनल कागद ३० दिवसांत सोडावे लागतात, जास्त दिवस लावले तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. मला २२ व्या दिवशी "अजून सेंट्रल रिपॉझिटरीतून आले नाहीत" सांगितलं, मी हा ५ हजारांचा नियम मेलमध्ये लिहून पाठवला आणि २६ व्या दिवशी आले, आता त्यामुळेच आले की यायचेच होते देव जाणे. दाद लागलीच नाही तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट बघा, मग बँक असेल तर आरबीआय लोकपाल आणि हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँक.

कागद घेताना लिस्ट हातात धरून एकेक पान बघा, माझ्या बंडलात स्टॅम्प ड्युटीची पावती नव्हती, तिथल्या तिथे शोधायला लावली, घरी आल्यावर कळलं असतं तर कोण ऐकतंय. मग नो ड्यूज, आणि सरसाईवर, म्हणजे गहाणांच्या सरकारी नोंदीत, जुन्या लेंडरचा चार्ज सुटल्याची खात्री. जुना ऑटो डेबिट मॅन्डेट आपल्या बँकेत जाऊन रद्द करा, माझा नोव्हेंबरचा हप्ता लोन बंद झाल्यावरही खात्यातून कापला गेला आणि ४४,२६० परत यायला १७ दिवस आणि सहा फोन लागले.